बोरॉनचे दोन बाण

फळ्यावर टांगलेला तक्ता खाली उतरला तेव्हा मी केमिस्ट्रीच्या खोलीच्या दारातच होतो. उकंडा पेंटर स्टुलावरून म्हणाला, ‘‘सर, याच्या खाली त अजून एक चित्र निघालं. हे ठेवाचं का घासाचं?’’ डिसेंबरात कॉलेजची तपासणी करायला कमिटी येणार, म्हणून सगळ्या फळ्यांना नवा रंग द्यायचा होता आणि त्या अर्जावर विभागप्रमुख म्हणून मीच सही केली होती. तक्त्याला हात लावू नको एवढं सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे काय, आठ वर्षं माणूस एखाद्या गोष्टीवर पांघरूण घालून ठेवतो आणि मग खाली काय आहे तेच विसरतो, तसला प्रकार. मी म्हटलं, ‘‘थांब जरा.’’ उकंडा स्टुलावर बसून तंबाखू मळायला लागला. मी फळ्याजवळ गेलो. रंग माझाच होता, रेघा माझ्याच होत्या, पण त्यांच्यावर खडूनं काढलेले दोन बाण होते, आणि त्यांच्या जरा वर खडूचीच एक आखूड आडवी रेघ. खडू जसाच्या तसा. तक्त्याखाली ना डस्टर गेलं ना वारा. बाणांच्या शेपट्या थोड्या वाकड्या होत्या. ते अक्षर, अक्षर म्हणजे तो हात, मी कुठंही ओळखला असता.

हे चित्र मी १९८२ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत काढलं होतं, पांढऱ्या ऑइलपेंटनं, दोन दिवस स्टुलावर उभं राहून. मॉलिक्युलर ऑर्बिटलची आकृती, म्हणजे रेणूतले इलेक्ट्रॉन कुठल्या जागांवर बसतात त्याची शिडी, दर तासाला खडूनं काढायची म्हणजे पंधरा मिनिटं जातात, आणि आपल्याकडची लाइट, आपल्याकडचे संप, आपल्याकडची पोरं. म्हणून म्हटलं एकदाची पक्की करून टाकू. रेघा पक्क्या, इलेक्ट्रॉनचे बाण तेवढे खडूनं काढायचे आणि पुसायचे. दारव्ह्याच्या कॉलेजातले मास्तर मुद्दाम बघायला आले होते, मी त्यांना चहा पाजला होता. वर्गात मी ऐटीत सांगायचो: हे बघा, दोन अणू जवळ आले की प्रत्येक जण आपापली जागा घेऊन येतो. दोन जागा आल्या तर दोनच निघतात, कमी नाही, जास्त नाही. एक खाली जाते, तिच्यात बसलेला इलेक्ट्रॉन दोघांना बांधून ठेवतो. दुसरी वर जाते, तिच्यात बसलेला तोडायला बघतो. पोरं फक्त खालच्या जागेचं लक्षात ठेवतात, वरची विसरतात, आणि पेपरात आपटतात. भरायचं खालून वर. आणि दोन जागा एकाच उंचीवर असल्या तर एसटीत बसतो तसं: आधी प्रत्येक जण रिकामं बाकडं धरतो, दुसऱ्याच्या शेजारी नाइलाज झाल्यावरच बसतो. एकटा बसलेला इलेक्ट्रॉन असला की तो रेणू चुंबकाकडे ओढला जातो. द्रवरूप ऑक्सिजन चुंबकाला कसा लटकून राहतो ते मी असं रंगवून सांगायचो की पोरांना वाटायचं सरांनी पाहिलेला आहे. उभ्या जन्मात पाहिला नाही. या यवतमाळात कोण दाखवणार होतं.

चूक एवढीच होती की ते चित्र ऑक्सिजनचं होतं. ऑक्सिजनमध्ये सिग्मा नावाच्या जागेची एकटी रेघ खाली असते आणि पाय (π) नावाच्या जागांच्या दोन जुळ्या रेघा तिच्या वर. बोरॉनपासून नायट्रोजनपर्यंत हे उलटं असतं, जुळ्या रेघा खाली आणि सिग्मा वर. मला ते माहीत नव्हतं. एकदा पक्की केलेली आकृती असल्यावर कोण बघतो पुस्तक? मी सगळ्यांना त्याच शिडीवरून चढवलं. बोरॉनचे शेवटचे दोन इलेक्ट्रॉन माझ्या फळ्यावर खालच्या सिग्मात जोडीनं बसायचे आणि चुंबक त्यांच्याकडे ढुंकून बघायचा नाही. सोळा वर्षं सोळा बॅचनी ते पाठ केलं. प्रत्यक्षात ते दोघं जुळ्या रेघांवर एकेकटे बसतात आणि चुंबकाकडे ओढले जातात, आणि हे सोळा वर्षांत मला एकाच व्यक्तीनं सांगितलं. बी.एस्सी. फायनल, मार्च १९९८, नलिनी डोमाजी थूल. सगळे नलू म्हणायचे. राळेगावकडून यायची, दोन वेण्या, हातात कापडी पिशवी, बोलायची कमी.

प्रॅक्टिकलची तोंडी परीक्षा होती. बाहेरचे परीक्षक अमरावतीचे सदाशिवराव, साठीला आलेले, गप्प, खिशात सुपारीची डबी. मी तिला बोरॉनचं विचारलं, सोपं म्हणून विचारलं, दयाच केली म्हणा. ती म्हणाली, चुंबकाकडे ओढला जाईल. मी म्हटलं, बोर्डाकडे पाहा. तिनं पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाली, ‘‘सर, बोर्ड चुकला हाये.’’ आणि मी काही बोलायच्या आत उठली, खडू घेतला, जुळ्या रेघांवर एकेक बाण काढला आणि त्यांच्या वर एक रेघ ओढून म्हणाली, ‘‘सिग्मा इथं पायजे.’’ मला जो राग आला तो मला आजही अंगात आठवतो, कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. सदाशिवरावांसमोर, माझ्या फळ्याला. मी काय बोललो? इथंच माझं घोडं आठ वर्षं अडलेलं. ‘चार अक्षरं आली की असंच होतं,’ असं बोललो हे नक्की. पण त्यात ‘तुम्हा लोकांना’ हे दोन शब्द होते की नव्हते? मनात होते. मनात होते हे कबूल करायलाच मला दोन वर्षं लागली. तोंडातून निघाले का, ते आठवत नव्हतं, किंवा आठवून घ्यायचं नव्हतं. तिच्याच बॅचला डॉक्टरांचा पियूष होता, तोंडाचा फाटका. तो म्हणाला असता बोर्ड चुकला तर मी हसलो असतो, पाठीवर थाप मारली असती. हे मला माहीत आहे. तिला मी दहापैकी तीन मार्क दिले. आमची पद्धत अशी की बाहेरच्यांना चारची गाडी गाठायची असते, म्हणून आम्ही कोऱ्या मार्कलिस्टांवर आधीच सह्या करून ठेवतो आणि आपले मार्क पेन्सिलनं चिठ्ठीवर लिहून देतो. पुढे बाहेरचे परीक्षक ते मार्कलिस्टवर उतरवून घेतात. चिठ्ठीवरचे मार्क कोणी बदलल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. मी तीन लिहिला, तो जरा दाबून लिहिला, आणि फळा न पुसता कुलूप लावून घरी गेलो.

जूनमध्ये विभागाच्या पुस्तकांचं कपाट आवरताना एक जाड पुस्तक हाताला लागलं. उघडलं, तर दोन्ही आकृत्या शेजारी शेजारी, आणि बोरॉनच्या जुळ्या रेघांवर दोन एकटे बाण. पुस्तकाच्या मागच्या चिठ्ठीवर दोनच नावं. पहिलं माझं, १९८४, आणि वर्षभरानं परत केल्याची तारीख. म्हणजे मी ते वर्षभर घरी ठेवून न वाचता परत दिलं होतं. दुसरं नाव नलिनी थूल. त्याच दिवशी मी बाजारातून मूलद्रव्यांचा मोठा तक्ता आणला आणि कॉलेज उघडायच्या आत फळ्याच्या त्या भागावर टांगला. खाली तिचे बाण तसेच होते, ते पुसायला हात झाला नाही. तेव्हापासून मी बोरॉन शिकवणंच सोडलं. पोरांनी विचारलं तर सांगायचो, परीक्षेला येत नाही.

ती एम.एस्सी.ला गेली नाही, घरीच बसली, एवढं कोणाच्या तरी बोलण्यातून कळलं होतं. तीनच्या जागी आठ असते तर फर्स्ट क्लास आला असता का, हा हिशेब ऑफिसातल्या निकालाच्या रजिस्टरात दोन मिनिटांत सापडला असता. मी गेलो नाही. वर्षं अशी लागली की सकाळी पेपर उघडायचा धाक वाटायचा. कापसाच्या पट्ट्यातल्या आत्महत्या रोजच्या झाल्या होत्या, आज दोन, आज चार, गावाचं नाव, तालुक्याचं नाव. मी आधी तालुके वाचायचो. नेर असलं की पुढे, दारव्हा असलं की पुढे, राळेगाव आलं की चष्मा पुसायचो. आणि पुसून तरी काय दिसणार होतं? पेपरात गड्याचं नाव येतं. मागे राहिलेल्या बाईचं येत नाही, ‘पत्नी व दोन मुले’ एवढंच येतं. नलू थूलचं लग्न झालं असलं तर ती आता थूलही नव्हती. त्या ‘पत्नी’मध्ये ती असली तरी मला कळणार नव्हतं. एम.एस्सी. झाली असती, कुठं नोकरीला लागली असती, तर तिथं नसती. हे मी रोज चहाच्या कपाबरोबर मनात म्हणायचो. रत्नप्रभा माझी बायको, बत्तीस वर्षं माझ्यासोबत आहे, तिच्या नजरेतून काही सुटत नाही. एकदा म्हणाली, ‘‘अहो, लोक पेपर पहिल्या पानापासून वाचतात. तुम्ही राळेगावपासून वाचता.’’ मी म्हटलं, काहीतरीच तुझं. ती म्हणाली, बरं बाई, काहीतरीच माझं, आणि भाजी चिरत बसली.

उकंडाला मी म्हटलं, हा भाग सोड, बाकीचं कर, सोमवारी सांगतो. शुक्रवार होता. घरी जाऊन मी रत्नप्रभाला सगळं सांगितलं, ते दोन शब्दसुद्धा. तिनं मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी एवढंच म्हणाली, ‘‘उद्या सकाळची राळेगाव गाडी सातला आहे. डबा देऊ का?’’ ऑफिसातून मी पत्ता आधीच काढला होता. क्लार्कनं जुनं रजिस्टर माझ्यापुढे उघडं ठेवलं, नाव, गाव, बापाचं नाव, आणि शेजारच्या रकान्यात मार्क. मी त्या रकान्यावर तळहात ठेवला आणि फक्त गाव वाचलं. क्लार्क माझ्याकडे बघत होता. सरांच्या हाताला काही लागलं का, म्हणाला.

गाडी कळंबवरून जाते. दोन्ही बाजूंना कापसाची वेचणी चालली होती, कमरेला ओटी बांधलेल्या बाया वाकलेल्या, पांढरं इतकं की डोळ्यांना त्रास व्हावा. माझ्या शेजारी कोणी बसलं नाही, बाकडं मोकळंच राहिलं, आणि मला आपलाच वर्गातला विनोद आठवून कसंसं झालं. काय विचारणार होतो मी तिथं? पोरगी आहे का, असं विचारणार होतो? राळेगावला उतरून काळीपिवळीत बसलो, सहा किलोमीटर, मांडीवर डबा. थूलांचं घर वस्तीच्या टोकाला, निळ्या रंगाचं दार. दारात बाजेवर एक म्हातारा पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, वाळक्या काड्यांची मोळी बांधत बसला होता. मी म्हटलं, डोमाजी थूल आपणच का, मी यवतमाळच्या कॉलेजातून आलो. नलिनी… म्हातारा मोळी सोडून माझ्याकडे पाहत राहिला. ‘‘नलू?’’ तो म्हणाला. ‘‘नलू आता इथं कुठं हाये.’’

मी बाजेच्या काठाला धरलं. म्हाताऱ्यानं ते पाहिलं असावं, कारण तो घाईनं म्हणाला, ‘‘बसा न तुमी. ते राळेगावात राह्यते, हायस्कूलात मास्तरीण हाये. तुमी तिकूनच आले ना? शनिवारी सकाळची शाळा राह्यते, बारा वाजता येते मले भेटाले. येऊनच राह्यली असन.’’ मी बसलो. आठ वर्षं ज्या एका वाक्यासाठी मी पेपर चाळत होतो ते असं काड्यांच्या मोळीवरून माझ्याकडे आलं. जिवंत आहे, नोकरी आहे, बारा वाजता येते. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, मी चष्मा काढून धुळीला शिव्या घातल्या. डोमाजीनं कोरा चहा ठेवला. फुंकणी हातात घेऊनच तो वळला आणि म्हणाला, ‘‘तुमीच का ते फळ्याचे सर?’’ मी म्हटलं, हो. ‘‘हां,’’ म्हणाला, आणि पुन्हा चुलीकडे वळला. त्या ‘हां’मध्ये काय होतं ते मला कळलं नाही.

ती लुनावरून आली. जाड झाली होती थोडी, वेण्यांचा आता अंबाडा, पण गाडी लावून काढली ती तीच कापडी पिशवी. मला पाहून थबकली, मग म्हणाली, ‘‘सर? इकडं काहून?’’ माझं प्रवासभर जुळवलेलं भाषण होतं. ते कुठं गेलं कोण जाणे. मी सरळ म्हटलं, ‘‘नलू, तुझा बोरॉन बरोबर होता. बोर्ड चुकला होता.’’ तिनं पिशवी खाली ठेवली. ‘‘मले माईत हाये, सर,’’ ती म्हणाली. मी म्हटलं, मला त्याच वर्षी जूनमध्ये कळलं, पण मी तुला तीन मार्क दिले होते, तुझा क्लास गेला असेल, तुझी एम.एस्सी… ती माझ्याकडे अशी पाहायला लागली, जशी वर्गात ढ पोराकडे पाहतात. ‘‘तीन? मले त नऊ होते वायव्हात. फर्स्ट क्लास आला होता मले. तुमी रिझल्ट पाह्यलाच नाही काय?’’

सदाशिवरावांनी. पेन्सिलीचा तीन त्यांनी उतरवलाच नव्हता. त्या दिवशी बसस्टँडवर नलू गाडीची वाट पाहत उभी होती, ते सुपारी कातरत तिच्याजवळ आले आणि म्हणाले, पोरी, बोरॉन बरोबर आहे, मी नऊ दिलेत. तुझ्या सरांना सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल. ‘‘म्हणून मी नाही सांगतलं,’’ नलू म्हणाली. सदाशिवराव जाऊन आता तीन वर्षं झाली. त्यांच्या श्राद्धाला मी गेलो होतो, जेवलो होतो. कोऱ्या कागदावर केलेली माझी सही त्या नऊ मार्कांखाली होती, म्हणजे कायद्यानं ते नऊ मीच दिले होते. मला हसायला आलं, आणि थोडं अपमानासारखंही वाटलं, खोटं कशाला बोलू. आठ वर्षं मी जिच्या ओझ्याखाली वाकलो त्या चुकीची विद्यापीठानं दखलसुद्धा घेतली नव्हती. मग एम.एस्सी.? ‘‘नंबर लागला होता. त्याच जूनमधी आई गेली. बाबा एकटे, लहान भाऊ. नाही गेली मी. मंग दोन वर्षांनं बी.एड. केलं.’’ ती सहज बोलली, पण डोमाजी चुलीपाशी मान खाली घालून बसला होता, त्यावरून मला कळलं की ते सहज नव्हतं.

उठून निघावं, सुटलो म्हणावं, असं मनात आलंच होतं. काळीपिवळी एकची होती. पण मार्कांचं सदाशिवरावांनी निस्तरलं होतं, दुसऱ्या गोष्टीचं त्यांना निस्तरता येण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, ‘‘नलू, त्या दिवशी मी काय बोललो होतो, तुला आठवतं?’’ तिनं खाली ठेवलेली पिशवी उचलून बाजेवर ठेवली. मी म्हटलं, ‘‘चार अक्षरं आली की… त्यात ‘तुम्हा लोकांना’ असं होतं का?’’

‘‘होतं,’’ ती म्हणाली.

डोमाजी उठून बाहेर आला. ती पुढे म्हणाली, ‘‘मार्काचा राग नव्हता आला मले. मार्क त दोन तासांत भेटले. तुमी म्हणलं बोर्डाकडे पाहा, मी बोर्डाकडंच पाहून राह्यली होती. तुमी माह्याकडं पाहून बोलले.’’ मी हात जोडले. माफी मागितली, सरळ शब्दांत, आडवळण न घेता. म्हटलं, ते बोललो ते चूक होतं, आणि मनात आलं ते त्याहून चूक होतं, आणि पियूषला मी तसं बोललो नसतो हेही मला माहीत आहे. लाज वाटत होती आणि बरं वाटत होतं, दोन्ही एकाच वेळी, एक खाली एक वर. नलूनं लगेच ‘जाऊ द्या सर’ म्हटलं नाही. ते म्हटलं असतं तर मला आवडलं नसतं, हे मला नंतर कळलं. ती म्हणाली, ‘‘बरं झालं तुमी बोलले. मले वाटे, तुमच्या ध्यानातबी नसन.’’ मग म्हणाली, जेवून जा. मी डबा काढला. रत्नप्रभानं तीन माणसांचं भरून दिलं होतं. कसं कळलं तिला, कोण जाणे. डोमाजीनं तिची वांग्याची भाजी दोनदा घेतली आणि त्या ‘हां’नंतर माझ्याशी पहिल्यांदा आपण होऊन बोलला, ‘‘मसाला चांगला हाये.’’

निघताना नलूनं विचारलं, ते चित्र आहे का अजून. मी म्हटलं, आहे, तुझे बाणही आहेत. तिला खरं वाटेना. मी म्हटलं, सोमवारी घासून काढतो. ‘‘कायले?’’ ती म्हणाली. ‘‘ऑक्सिजनसाठी बरोबरच हाये ते. वर फक्त नाव लिहा. नाव नव्हतं म्हणून त सगळा घोळ झाला.’’ वर्गातही अशीच बोलत असेल. मी मान डोलावली.

परतीच्या गाडीत कळंबला एक बाई कापसाचं गाठोडं घेऊन माझ्या शेजारी बसली. मी सरकलो. झोप लागली ती यवतमाळपर्यंत, कंडक्टरनं उठवलं. रत्नप्रभा दारातच होती. मी म्हटलं, हायस्कूलात शिकवते. ती म्हणाली, चेहऱ्यावरून कळलं, पाय धुवा. रविवारी मी पेपर पहिल्या पानापासून वाचला. राळेगावही वाचलं. दोन नावं होती, नवऱ्यांची. ते संपलेलं नव्हतं, आणि मागे राहिलेल्या त्या दोघींची नावं मला अजूनही माहीत नव्हती.

सोमवारी उकंडा ब्रश घेऊन हजर होता, आणि फायनलची पोरं बाकांवर. मी त्याच्याकडून ब्रश घेतला आणि चित्राच्या डोक्यावर ठळक लिहिलं, ऑक्सिजन. मग वळून वर्गाला सांगितलं की ही आकृती मी सोळा वर्षं बोरॉनसाठी वापरली आणि ती बोरॉनसाठी चूक आहे. हे दोन बाण आणि ही वरची रेघ १९९८ साली नलिनी थूल नावाच्या विद्यार्थिनीनं काढली, ती बरोबर होती, मी तिच्यावर रागावलो आणि नको ते बोललो, आणि वर तक्ता टांगला. मला वाटलं, झालं, सुटलो. डस्टर उचललं आणि बाण पुसणार, तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची रुपाली उभी राहिली, नेरची, एरवी तोंड उघडत नाही. म्हणाली, ‘‘सर, मंग कार्बनबी चुकलं असन ना? आन् नायट्रोजनबी?’’

चुकलं होतं. मला ठाऊक होतं. पुस्तकात बोरॉन, कार्बन, नायट्रोजन तिन्ही त्याच एका आकृतीखाली होते, आणि मी सगळी हिंमत गोळा करून फक्त बोरॉनचंच कबूल करायला आलो होतो. कानाच्या पाळ्या गरम व्हायची मी वाट पाहिली. झाल्या नाहीत. उलट हसू आलं, पोटातून. उकंडासुद्धा हसायला लागला, त्याला काही कळलं नव्हतं तरी. ‘‘हो,’’ मी म्हटलं, ‘‘तेही चुकलं. ये इकडे.’’ रुपाली आली. मी खडू तिच्या हातात दिला आणि फळ्यासमोरून बाजूला झालो.